गोधडी शिवताना टाचण्या लावायच्या की नाही? आजीची पद्धत आणि मशीनचं गणित समजून घ्या

आईच्या किंवा आजीच्या जुन्या साड्या काढायच्या आणि घरच्या मशीनवर गोधडी शिवायची, असं अनेकजणी ठरवतात. शिकायला व्हिडिओ लावला की पहिलीच सूचना असते, दर चार इंचांवर पिन लावा. घरात आजी असेल तर ती म्हणते, ‘कशाला गं टाचण्या? आम्ही कधी लावल्या नाहीत.’ मग ऐकायचं कुणाचं? बिघडलेल्या साडीच्या जागी दुसरी तशीच मिळत नाही, त्यामुळे कात्री हातात घेण्याआधीच हे ठरवलेलं बरं.

आजीला टाचणी का लागत नव्हती?

हाताने शिवताना सुई सगळ्या थरांतून एकदम जाते आणि दुसरा हात कापड सपाट करत राहतो. साड्या जमिनीवर अंथरायच्या, हाताने सुरकुत्या काढायच्या, वर बसूनच धावदोरा घालायचा. थर सरकायला वावच मिळत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या महिला ‘कवंदी’ शिवतात, त्यात ठिगळाची कड बोटांनी दुमडत कडेकडून मध्याकडे टाके घालत जातात. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीसाठी कापड धरून ठेवते. म्हणजे टाचणीचं काम तिथे दोराच करतो.

मशीनवर काय बदलतं?

मशीनमध्ये कापड पुढे ढकलतात ते सुईखालचे दाते. ते फक्त खालच्या थराला पकडतात. वरचा थर दाबाच्या पायाखाली घासत येतो, म्हणून किंचित मागे राहतो. समजा, हा फरक फक्त 1 टक्का आहे. चार इंचांचे दोन तुकडे जोडताना तो जेमतेम 1 मिलिमीटर भरतो, कळणारही नाही. पण 60 इंचांच्या सरळ शिवणीत तोच फरक अर्ध्या इंचाच्या वर जातो. शेवटी वरचं कापड उरतं आणि आपण ते ओढून-ताणून बसवतो. चुण्या पडतात त्या इथेच.

त्यामुळे छोटे चौकोन जोडताना टाचण्या नसल्या तरी चालतं. लांब पट्ट्या, गोलाई आणि जिथे चार तुकड्यांचे कोपरे जुळायला हवेत, तिथे त्या लावाव्यात.

टाचणीवरून मशीन चालवलं तर?

‘हळू चालवलं तर काही होत नाही,’ असं सर्रास सांगितलं जातं. बऱ्याचदा होतही नाही. पण सुई नेमकी टाचणीवर आदळली तर ती वाकते किंवा तुटते. वाकलेली सुई खाली बॉबिनजवळच्या हुकला लागू शकते आणि मशीन टाके सोडायला लागतं. तुटलेला तुकडा डोळ्याच्या दिशेनेही उडू शकतो. म्हणून टाचणी शिवणीला आडवी लावायची, डोकं बाहेर ठेवायचं आणि सुई जवळ आली की काढून घ्यायची. प्लॅस्टिकच्या डोक्याची असेल तर त्यावर इस्त्री फिरवू नका, ते वितळतं.

थर एकत्र धरायला मात्र साध्या टाचण्या कामाच्या नाहीत. गुंडाळताना त्या निसटतात आणि टोचतात. तिथे सेफ्टी पिन किंवा कच्चे टाके हवेत. सुरुवात मधून करून कडेकडे जायचं, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघतात. सेफ्टी पिना लवकर लागतात. कच्च्या टाक्यांना एखादी दुपार जाते, पण रेशमी किंवा विरलेल्या साडीला तेच बरे, कारण पिनेची भोकं अशा कापडावर राहतात. पावसाळ्यात पिना लावून काम आठवडाभर बाजूला पडलं, तर गंजाचे डाग वेगळेच.

बाळाच्या दुपट्याचं काय?

इथे वेळ वाचवू नका, कच्चे टाकेच घाला. ते वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घातले की काढताना चटकन दिसतात. कडेला टाचण्या लावाव्याच लागल्या, तर डबीतून 20 मोजून घ्या आणि शिवून झाल्यावर 20 परत भरल्या का, ते पाहा. एखादी कमी भरली तर लोहचुंबक फिरवून शोधता येते, पण पितळेच्या आणि काही स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या चुंबकाला चिकटत नाहीत. अशा वेळी दुपटं जमिनीवर पसरून हाताने इंच-इंच चाचपावं लागतं.