शंभर हातांचा विष्णू

विष्णूला हात किती? चार, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. विश्वरूपात हवे तर हजार म्हणा. पण शंभर? जगातल्या एका अत्यंत विषारी पुस्तकात विष्णूला चक्क शंभर हात आहेत आणि त्याच हातांनी त्या पुस्तकाची चोरी उघडी पाडली!

त्या पुस्तकाकडे वळण्याआधी एक प्रामाणिक कल्पित कथा पाहू. १९०२ साली व्हिएन्नाचा ज्यू पत्रकार थिओडोर हर्झल याने ‘आल्टनॉयलांड’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात १९२३ सालचं पॅलेस्टाइन आहे : ज्यूंनी उभारलेला नवा समाज, वीज, सहकारी संस्था, अरबांनाही समान हक्क. सगळं कल्पनेतलं आणि तसं उघड सांगितलेलं. नाहूम सोकोलोव्हने हिब्रू भाषांतराला नाव दिलं ‘तेल अवीव’. १९१० साली जाफाजवळच्या नव्या वसाहतीने तेच नाव घेतलं. कादंबरीच्या मुखपृष्ठावरून शहराचं बारसं!

आता दुसरी कल्पित कथा पाहा. १९०३ साली सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ या वर्तमानपत्रात ज्यू पुढाऱ्यांच्या जग गिळायच्या कटाचा ‘अस्सल’ दस्तऐवज छापून आला. हेच ते विषारी पुस्तक, ‘प्रोटोकॉल्स’. पुढे तो कट हर्झलने १८९७ साली बाझलला भरवलेल्या झायनिस्ट परिषदेच्या माथी मारला गेला. ज्या परिषदेत वार्ताहर बसले होते, तिथे कसला गुप्त कट?

१९२१ साली ‘टाइम्स’चे इस्तंबूलमधले बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज यांच्या हाती शीर्षकाचं पान नसलेलं एक जुनं फ्रेंच पुस्तक आलं. ते निघालं मोरिस जोलीचं, १८६४ सालचं. त्यात नरकात मॅकियाव्हेली आणि मॉन्तेस्क्यू हे दोन राजकीय विचारवंत वाद घालतात आणि टोले बसतात ते फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनला. ज्यूंशी काडीचा संबंध नाही! मॅकियाव्हेली तिथे फुशारकी मारतो, की आपल्या वर्तमानपत्रांना विष्णूसारखे शंभर हात असतील. ‘प्रोटोकॉल्स’मध्ये हीच फुशारकी ज्यू पुढाऱ्यांच्या तोंडी आहे, शंभर हातांसकट. परीक्षेत शेजाऱ्याची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवणारा मुलगा असाच सापडतो ना? आणि असे चोरलेले उतारे एकदोन नाहीत, पानोपानी आहेत.

चोरी जगजाहीर झाली, तरी हिटलरने ‘माइन काम्फ’मध्ये याच पुस्तकाचा दाखला दिला आणि नाझी राजवटीने त्याचा भरपूर प्रचार केला. एखाद्या समाजाचा ‘गुप्त कट’ उद्या तुमच्या फोनवर येईल. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा : हे मुळात कुणी, कुणाबद्दल लिहिलं होतं?