आधीचे पैसे, नंतरचे पैसे

यंदाही अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलांमधून हिंडलो. सवयीनं एकाला विचारलं, "माल कुणाच्या पैशानं आणला जी?" "उधारीनं," तो म्हणाला, "अनुदान आलं तं फेडू." हे उत्तर मी चाळीस वर्षं ऐकतो आहे.

दलित चळवळीतले किसन फागू बनसोडे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी नागपुरात छापखाना घातला, तेव्हा सरकारी मदत कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे 1956 च्या धर्मांतरानंतर निराळाच पेच पडला. राज्यानं नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्रानं मात्र 1990 पर्यंत आम्हाला अनुसूचित जातींत धरलंच नाही. ज्या गावात दीक्षा झाली, तिथंच दिल्लीचं दार चौतीस वर्षं बंद.

1978 मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आलं. त्याची 50 टक्के अनुदानाची योजना सगळ्यांना पाठ होती: कमाल दहा हजार. त्यात पानठेला उभा राहतो. पुढचं बोलायला नको.

माझा जीव त्याच महामंडळाच्या बीजभांडवल योजनेवर. अर्जदाराचे 5 टक्के, महामंडळाचे 20, तेही बहुतांशी चार टक्के व्याजानं, आणि बँकेचे 75. ज्यानं ही वाटणी बसवली त्याला आमच्या वस्त्या ठाऊक असाव्यात. बँकेचा पहिला प्रश्न असतो, तुझे किती? घरात सोनं नाही, प्लॉटची रजिस्ट्री नाही, जामीन राहायला नोकरदार मेहुणा नाही. महामंडळाचे वीस टक्के या प्रश्नाचं उत्तर होते. संध्याकाळी नागपुरातल्या इंदोऱ्यात माझ्या ओसरीवर अर्ज भरायला माणसं बसत. त्यांतल्या एकाला जुनं छपाई यंत्र घ्यायचं होतं. महामंडळाचं मंजुरीपत्र हातात असूनही बँकेनं त्याला अकरा खेपा घालायला लावल्या. बाराव्या खेपेला मी सोबत गेलो, साहेबासमोर खुर्ची ओढून बसलो आणि चहा येईपर्यंत उठलो नाही. लग्नपत्रिकांच्या पहिल्या हंगामातच यंत्र दिवसरात्र चाललं.

2004 च्या मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांच्या योजनेबद्दल थोडक्यात. संस्थेचे 5, शासनाचं भागभांडवल 35, शासनाचंच कर्ज 35, वित्तसंस्थेचे 25. पाट्या पुष्कळ लागल्या. यंत्रांचा आवाज फारसा आला नाही. यावरून काही अर्थपंडित, मदत दिली की माणूस आळशी होतो, असं दरवर्षी लिहितात. मोठ्या कारखान्यांना मिळणाऱ्या सवलतींना ते प्रोत्साहन म्हणतात, आणि आमच्या दहा हजारांना अनुदान!

दुसरी मंडळी उलट टोकाची: अनुदानाचा टक्का वाढवा, सगळं सुटेल. त्यांच्याशीही माझं जमत नाही. 2008 च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात आमच्या माणसाला शहरात 25, गावात 35 टक्के मिळतात, पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेवीत पडून राहते. तोवर सगळी भिस्त बँकेच्या कर्जावर. 2016 ला स्टँड अप इंडिया आली, दहा लाख ते एक कोटी. 2020 मध्ये राज्यानं त्यात 15 टक्के आधीच द्यायचं ठरवलं, तेव्हा मला बीजभांडवलाचं नातवंड भेटल्यासारखं झालं. तरी स्वहिस्सा 10 टक्के राहिलाच. कोटीच्या प्रकल्पाला दहा लाख! इंदोऱ्यात एवढे रोख असलेला माणूस माझ्या ओसरीवर कशाला येईल?

आता ओसरीवर कुणीच येत नाही म्हणा. अर्ज ऑनलाइन, प्रकल्प अहवाल तयार विकत मिळतो. पोरं विचारतात, "काका, योजना कोणती आहे?" काय विकणार, असं विचारलं की मोबाइलकडे बघतात.

स्टॉलवाल्याकडून दोन पुस्तकं घेतली. त्यानं पावती दिली. खाली छापखान्याचं नाव बारीक अक्षरात होतं. चष्मा पुसून वाचलं. अकरा खेपावाल्याचंच.