बाबांची साठी आणि पत्र्याचा डबा

शनिवार दुपार. सगळी गँग मल्टिप्लेक्समध्ये आणि मी गच्चीवर, हातात ड्रिल मशीन! कारण बाबांची साठी. शर्टपीस-घड्याळाचा कंटाळा आला होता, म्हणून या वेळी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घरीच बनवायचा असं ठरवलं. चू मॉय यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘सीमॉय’ सर्किट. नऊ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अँप, मूठभर सुटे भाग. जगभरचे हौशी ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. मला मात्र स्वतः वाकवलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा हवा होता. स्टाइल, यू नो!

सोल्डरिंग जमलं. टेबलावर लताबाई झकास गायल्या. बोर्ड डब्यात बसवला आणि आवाज पार फाटला.

घोळ काय होता? बोर्डाखाली मी नुसता पुठ्ठा टेपने चिकटवला होता. सोल्डरच्या बाजूला कापलेल्या तारांची टोकं म्हणजे सुयाच. बॅटरीच्या निगेटिव्हची एक सुई पुठ्ठ्यातून आरपार जाऊन पत्र्याला टेकली. या सर्किटमध्ये नऊ व्होल्टचे दोन भाग होतात आणि हेडफोनची कॉमन तार मध्यावर असते. माझ्या जॅकची बॉडी धातूची, त्यामुळे अख्खा डबाच त्या मध्यावर. निगेटिव्ह त्याला भिडल्यावर अर्धी वाटणी गायब!

दुसऱ्या दिवशी रविवार, साठी मंगळवारी. सोमवारी हाफ डे टाकून लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानातल्या काकांनी बोर्ड उलटा करून पाहिला. “ताई, टेपने नाही भागायचं. स्पेसर घ्या.” चार स्पेसर, तीन मिलिमीटरचे स्क्रू, नायलॉनचे वॉशर. कॉफी शॉपच्या बिलापेक्षा स्वस्त!

मग अक्कल आली. आधी व्हॉल्यूमच्या नॉबचं भोक, कारण नॉब बोर्डालाच जोडलेला, तो जिथे बसेल तिथे बोर्ड. मग बोर्ड तळावर ठेवून त्याच्याच भोकांतून पेन्सिलने खुणा. सेंटर पंच मारल्याशिवाय ड्रिल लावलंत तर बिट घसरलंच समजा. भोक 3.2 मिलिमीटरचं, म्हणजे जरा इकडेतिकडे सरकवता येतं. आणि हे सगळं बोर्ड बाहेर ठेवून! अ‍ॅल्युमिनियमचा कीस सोल्डरवर पडला की पुन्हा शॉर्ट. सहा मिलिमीटरच्या स्पेसरवर बोर्ड अधांतरी राहतो. स्क्रू बेताने आवळा, बोर्डाला बाक आला तर सोल्डरचे जोड तडकतात.

(230 व्होल्टवर चालणारं काही बनवत असाल तर थ्री-पिनची अर्थ वायर डब्याला, रंग खरवडून, घट्ट जोडलीच पाहिजे. पहिल्या खेपेला बॅटरीच बरी.)

मंगळवारी रात्री बाबांनी हेडफोन लावला. दोन गाणी काही न बोलता ऐकली. मग डबा उलटा केला, चष्मा वर सरकवला.

“हा चौथा स्क्रू वाकडा गेलाय गं.”

आणि तिसरं गाणं लावलं.