बंदी, सक्ती आणि हातमाग

१७३६ साली गोव्यातल्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्या स्थानिक पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचे नाही आणि बायकांनी चोळी घालायची नाही. भात मीठ न घालता शिजवायचा नाही, अशीही मनाई त्याच फर्मानात होती. धर्म बदलला तरी माणसाच्या नेसण्यात आणि जेवणात जुना समाज शिल्लक राहतो, हे सत्ताधाऱ्यांना नेमके कळले होते.

दहा वर्षांनी ब्रिटिश संसद स्कॉटलंडच्या बाबतीत त्याच निष्कर्षाला आली. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत ब्रिटिश गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स स्ट्युअर्टच्या बाजूने लढलेले डोंगराळ भागातले स्कॉटिश योद्धे हरले. त्यानंतर आलेल्या कायद्याने पुरुषांना आणि मुलांना प्लेड, किल्ट आणि हायलँडचा बाकीचा पोशाख वापरायला बंदी केली. १ ऑगस्ट १७४७ पासून ती लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंगवास, दुसऱ्यांदा सापडल्यास सात वर्षांसाठी समुद्रापारच्या मळ्यांवर रवानगी. सूट होती फक्त ब्रिटिश फौजेत भरती झालेल्या हायलँड पलटणींना. म्हणजे तोच पोशाख डोंगरातल्या मेंढपाळाने घातला तर गुन्हा आणि राजाच्या शिपायाने घातला तर गणवेश.

ही बंदी १७८२ साली उठली. तोवर एक पिढी त्या कपड्यांशिवाय मोठी झाली होती. पूर्वीचा हायलँडर लोकरीचे लांबलचक, न शिवलेले कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचा आणि उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा. त्या नेसण्यात आपल्या धोतराशी नाते सांगणारे पुष्कळ काही होते. नंतर रूढ झाला तो शिवलेला, गुडघ्यापर्यंतचा किल्ट. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा स्वागताची सूत्रे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे होती. स्कॉटने साऱ्या सरदार-जमीनदारांना हायलँड वेशात यायला सांगितले आणि राजाही किल्ट घालून वावरला. प्रत्येक घराण्याचा स्वतःचा चौकड्यांचा नमुना ही कल्पना त्याच सुमारास पक्की झाली. बॅनकबर्नच्या विल्सन यांच्या विणकाम कारखान्याने त्या नमुन्यांना नावे देऊन ते विकले. त्याआधी चौकड्यांतला फरक घराण्यापेक्षा त्या-त्या भागातल्या विणकरावर आणि हाताशी असलेल्या रंगांवर अवलंबून असे. म्हणून किल्ट खोटा ठरत नाही. बंदीने तोडलेला धागा लोकांनी नव्या पद्धतीने जोडला. आज लग्नात किल्ट घालणाऱ्या स्कॉटिश तरुणाला तो आपला वाटतो आणि त्याच्या आजोबा-पणजोबांनाही तो आपलाच वाटत होता.

परंपरेचे वय किती असते, याचे आणखी बोलके उदाहरण इस्तंबूलमध्ये सापडते. १८२९ मध्ये ऑटोमन सुलतान दुसरा महमूद याने सरकारी नोकरांच्या डोक्यावरची पागोटी उतरवून लाल फेज टोपी आणली. धर्म आणि दर्जा पागोट्यावरून ओळखू येत असे. तो भेद मिटवून एकसारखी प्रजा दिसावी, असा हेतू होता. जुन्या विचारांच्या लोकांना ही नवलाई मुळीच रुचली नाही. पुढे यातल्या कितीतरी टोप्या ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या बोहेमियात तयार होऊन येत. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला, तेव्हा ऑटोमन लोकांनी ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार घातला आणि त्यात फेजही आली. मग नोव्हेंबर १९२५ मध्ये केमाल अतातुर्कच्या तुर्की सरकारने फेजवरच बंदी घालून हॅट सक्तीची केली. काही शहरांत दंगे झाले, फाशीच्या शिक्षाही झाल्या. शंभर वर्षांपूर्वी जी टोपी वरून लादलेली सुधारणा होती, तिच्यासाठी आता माणसे परंपरा म्हणून जीव द्यायला निघाली होती.

बंदीची दुसरी बाजू म्हणजे सक्ती. भूतानमध्ये पुरुषांचा घो आणि बायकांची किरा हे सुंदर, थंड डोंगराळ हवेला साजेसे कपडे आहेत. १९८९ साली राजाज्ञेने ते देशभर बंधनकारक झाले. मोठ्या शेजाऱ्यांनी वेढलेल्या छोट्या देशाला आपली ओळख पुसली जाण्याची भीती वाटत होती आणि ती अनाठायी नव्हती. पण दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजाचा हा पोशाख नव्हता. नागरिकत्वाचे कडक नियम, जनगणना आणि त्यावर ही पोशाखसक्ती यांतून १९९० साली निदर्शने झाली. पुढे एक लाखाहून अधिक माणसे पूर्व नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांत जाऊन पडली. त्याच देशाच्या ल्हुंत्से भागातल्या खोमा गावच्या बायका किशुथारा नावाचे जे वस्त्र विणतात, ते पाहताना नजर हटत नाही. विणता विणताच जादा रेशमी धागे बोटांनी भरून नक्षी उठवली जाते, त्यामुळे ती भरतकामासारखी दिसते आणि एका किरेला कित्येक महिने लागतात. या कलेला कचेरीतल्या रोजच्या किरेने गिऱ्हाईक दिले, हे खरे. त्याच हुकुमाने हजारो कुटुंबांना परके केले, हेही तितकेच खरे.

जपानच्या एदो काळातल्या शासनाने वेगळीच सक्ती केली होती. पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी भपकेबाज रेशीम घालून सामुरायांची बरोबरी करू नये, म्हणून वारंवार नियम काढले जात. व्यापाऱ्यांनी नियम पाळले आणि आपली हौसही भागवली. वरून साधा तपकिरी, करडा किंवा निळा किमोनो, आत मात्र उंची रेशमाचे चित्रमय अस्तर! तपकिरी आणि करड्या रंगाच्या असंख्य छटा त्या काळात रंगाऱ्यांनी काढल्या आणि संयत, झाकलेल्या सौंदर्याची जी अभिरुची आज जपानी म्हणून ओळखली जाते, तिला या निर्बंधांतूनही आकार आला.

सत्तेइतकाच पोशाखावर हात फिरवला तो व्यापाराने. पाटणचा पटोळा गुजरातेतून जहाजांनी इंडोनेशियाच्या बेटांवर गेला. तिथे तो इतका मोलाचा ठरला, की राजघराण्यांनी आणि गावांनी तो पूजेच्या वस्तूसारखा जपला. जावाच्या बाटिक कारागिरांनी पटोळ्याची भौमितिक फुले मेणाने कापडावर उतरवली; पेकालोंगानचा ज्लाम्प्रांग हा नमुना त्यातलाच. बाटिकमध्ये तांब्याच्या बारीक चोचीच्या चांतिंगने वितळलेले मेण रेघेरेघेने सोडतात. मेण जिथे असेल तिथे रंग चढत नाही. निळीचा रंग, मग सोगा सालींचा तपकिरी, प्रत्येक वेळी मेण लावणे आणि उकळून काढणे असे हे काम चालते. योग्यकार्ताच्या दरबारात पारांगसारखे तिरके नमुने फक्त राजघराण्यासाठी राखलेले होते.

हे बाटिक यंत्रावर स्वस्तात छापून जावालाच विकावे, असे डच व्यापाऱ्यांच्या मनात आले. १८४६ साली नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावात अशा छपाईचा कारखाना निघाला. छपाईत मेणासारखा थर तडकून कापडावर बारीक रेघा उमटत. जावाच्या जाणकार गिऱ्हाइकांना ते पसंत पडले नाही. पण तेच कापड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले आणि तिथल्या बायकांनी ते डोक्यावर घेतले. बाजारातल्या व्यापारी बायकांनी नमुन्यांना आपली नावे, म्हणी आणि गोष्टी जोडल्या. टोगोच्या लोमे शहरातल्या काही जणी या व्यापारात इतक्या श्रीमंत झाल्या, की मर्सिडीज गाड्यांवरून लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणू लागले. गुजरातची नक्षी, जावाचे तंत्र, डच यंत्र आणि आफ्रिकी नेसणे! यातला कोणता धागा शुद्ध म्हणायचा?

नायजर नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या कालाबारी समाजाने तर मद्रासहून आलेल्या चौकड्यांच्या सुती कापडावर स्वतःची कला उभी केली. विणलेल्या कापडातले ठरावीक धागे पात्याने कापून ओढून काढायचे आणि उरलेल्या जाळीतून नवा नमुना उभा करायचा. पेलेते बिते नावाचे हे कापड जन्मापासून अंत्यसंस्कारापर्यंतच्या विधींत मानाचे असते. परका माल आपला करायचा म्हणजे काय, ते कालाबारी बायकांच्या हातांत दिसते.

व्यापाराने मारलेही. काश्मीरची कानी शाल लहान लहान काड्यांवरच्या रंगीत धाग्यांनी विणली जाते आणि एकेका शालीला वर्ष-दोन वर्षेही लागतात. युरोपात तिचे वेड पसरले, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाने जॅकार्ड मागावर तिच्या नकला काढल्या. आंब्याच्या कोयरीची ती नक्षी त्या गावाच्या नावाने जगभर गेली. १८७० नंतर शालीची फॅशन ओसरली, त्याची झळ पेस्लीला लागली आणि काश्मीरच्या विणकरांना तर उपासमारीपर्यंत घेऊन गेली.

जिथे बोलायची सोय नसते, तिथे कपडा बोलतो. पॅलेस्टाइनमध्ये बायकांच्या लांब झग्यावरचे फुल्यांच्या टाक्यांचे भरतकाम पाहून घालणारी कोणत्या गावची, हे सांगता येई. १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या युद्धात ती गावे सुटली, नमुने निर्वासितांबरोबर छावण्यांत आले आणि तिथे एकमेकांत मिसळले. १९८७ नंतरच्या इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावाच्या काळात पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला मनाई होती. बायकांनी झेंड्याचे रंग झग्याच्या छातीवर भरले. २०२१ साली युनेस्कोने या भरतकामाला वारसायादीत स्थान दिले.

ग्वातेमालात माया बायका कमरेला बांधलेल्या मागावर उइपिल नावाचा चौकोनी अंगरखा विणतात. मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरे विणणारीच्या कमरेला. ताण कमी-जास्त करायचा तो अंग पुढे-मागे करून. उइपिलच्या नक्षीवरून गाव ओळखू येते. १९६० ते १९९६ या यादवीच्या काळात हीच ओळख जीवघेणी ठरली. लष्कराच्या संशयातून वाचण्यासाठी कितीतरी जणींनी आपल्या गावचा उइपिल उतरवला. १९९२ साली शांततेचे नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू जगासमोर उइपिल घालून वावरल्या. त्या वेळी यादवी संपलेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कपड्याचे वजन कळते.

कोणी हुकूम न काढता अख्खा देश पारंपरिक कपडे घालतो, असेही घडते. नॉर्वेत १७ मे या संविधानदिनी रस्ते बुनाडने भरून जातात. लोकरी घागरे, कोट, चांदीच्या पिना, भरतकाम केलेले कंबरपट्टे, प्रत्येक खोऱ्याची तऱ्हा वेगळी. विसाव्या शतकाच्या आरंभी, स्वीडनपासून वेगळे होण्याची चळवळ तापलेली असताना लेखिका हुल्दा गार्बोर्ग यांनी शेतकऱ्यांचे जुने पोशाख गोळा केले, त्यांवर पुस्तक लिहिले आणि ते पुन्हा वापरात आणले. आज अनेक मुलींना पंधराव्या वर्षाच्या सुमारास धर्मदीक्षेच्या वेळी बुनाड मिळतो. तो महाग असतो, घरातली आजी वर्षभर भरतकाम करते, शिवणीत कापड राखून ठेवते आणि अंग भरले की तोच उसवून मोठा केला जातो. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून येणाऱ्यांना जुन्या राजवाड्यांत मोफत प्रवेश असतो. त्यामुळे ग्योंगबोकगुंग राजवाड्याभोवती भाड्याने हानबोक देणारी दुकाने उभी राहिली. चमकीच्या, घाईत शिवलेल्या भाड्याच्या कपड्यांवर कोरियातले जाणकार नाराज आहेत आणि ती नाराजी रास्त आहे. तरीही विशीतली मुले हौसेने हानबोक घालतात, तेव्हा त्यांतल्या काहींना चांगला हानबोक कसा असतो, हे शोधावेसे वाटेल, एवढी वाट तरी उघडी राहते.

घालणारे कितीही मिळाले, तरी करणारे हात नसतील तर सगळे व्यर्थ. जपानच्या नीगाता भागात एचिगो-जोफू हे कापड रामी नावाच्या वनस्पतीच्या तंतूंपासून होते. तंतू नखाने चिरून केसाइतके बारीक करायचे, हाताने पीळ देत जोडायचे आणि बर्फाळ हिवाळ्याच्या दमट हवेत विणायचे, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. हिवाळा सरताना हे कापड उन्हात बर्फावर पसरून उजळवतात. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या या कामाला निष्णात हात आता मोजकेच उरले आहेत. घानाच्या बोनवायर गावातले विणकर वीतभरही रुंद नसलेल्या पट्ट्या विणून त्या शेजारी शेजारी शिवतात आणि त्यातून केंटे तयार होतो. केंटेलाही २०२४ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. पण अक्रात जितका ‘केंटे’ विकला जातो, त्यात छापील कापडाचा वाटा मोठा आहे.

नकलेशी भांडण्याचे मार्ग देशोदेशी शोधले जात आहेत. मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या मिहे समाजाचे भरतकाम २०१५ मध्ये एका फ्रेंच फॅशनगृहाच्या ब्लाउजवर झळकले, तेव्हा गावकऱ्यांनी उघड विरोध केला. २०२२ मध्ये मेक्सिकोने मूलनिवासी समाजांच्या सांस्कृतिक वारशावर त्या समाजाची सामूहिक मालकी मानणारा कायदा केला. इंडोनेशियात पेकालोंगानच्या बाटिक संग्रहालयाने शाळांशी हात मिळवून प्राथमिक वर्गापासून तंत्रशिक्षणापर्यंत बाटिक शिकवणे सुरू केले. कायद्यापेक्षा हा मार्ग संथ असेल, पण त्यातून नवे कारागीर तयार होतात.

येवल्याच्या आणि पैठणच्या विणकरांसमोर हेच प्रश्न आहेत. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिला गिऱ्हाइकांचीही कमी नाही, लग्नसराईत तर मागणी वाढतच जाते. अडचण अशी, की यंत्रमागावरची साडी त्याच नावाने, निम्म्याहून कमी किमतीत शेजारच्या फळीवर ठेवलेली असते आणि हातमागावर महिनोन् महिने बसणाऱ्याची मजुरी त्या किमतीशी झुंजते. म्हणून दिवाळीच्या खरेदीत पैठणी हातात येईल तेव्हा पदर उलटून पाहावा. हातमागावर प्रत्येक मोर, प्रत्येक कोयरी वेगळ्या काडीच्या धाग्याने गुंतवून विणलेली असते, त्यामुळे उलटी बाजूही सुलट्या बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्राच्या साडीत तिथे लोंबते किंवा कापलेले धागे सापडतात. मग हातमागाचे आणि रेशमाचे अधिकृत चिन्ह विचारावे, विणकराचे गाव विचारावे आणि जमल्यास येवल्यात जाऊन मागाशेजारी बसूनच साडी ठरवावी.