हैदराबादेत घडली, हानलेत लागली
गॅमा किरण वातावरणातच संपतात; मग उपग्रह असताना जमिनीवर दुर्बीण कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण ऊर्जा वाढत जाते तसे हे किरण विरळ होतात, आणि उपग्रहावरचा शोधक जेमतेम चौरस मीटरभर. उलट, असा एकच किरण हवेत आदळला की कणांची सर उसळते आणि काही अब्जांश सेकंद टिकणारा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश जमिनीवर शेकडो मीटर पसरतो. म्हणजे इथे वातावरण हाच शोधकाचा मोठा भाग! भाभा अणुसंशोधन केंद्राने हैदराबादच्या ईसीआयएल कंपनीकडून घडवून घेतलेली, लडाखमधील हानले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवरची ‘मेस’ दुर्बीण हीच चमक २१ मीटर व्यासाच्या आरशाने टिपते. गॅमा-किरण स्फोट क्षणात विझतात, दुर्बीण वळवेपर्यंत उशीर होऊ शकतो, हेही खरे. तरी जानेवारी २०१९मध्ये कॅनरी बेटांवरच्या ‘मॅजिक’ दुर्बिणींनी १७ मीटरच्या आरशांनी असा एक स्फोट मिनिटाभरात गाठला होता.