खवले मांजर : एका दंतहीन सस्तनाचे वर्गीकरण

फलटणहून ताथवड्याच्या वाटेने निघाले, की नीरा उजव्या कालव्याचे बागायती क्षेत्र मागे पडते व महादेव डोंगररांगेच्या पायथ्याची खडकाळ, झुडपी माळराने लागतात. जेथे वारुळांची वाण नाही अशा भूमीत बिळे खणून राहणारा, रात्रीच बाहेर पडणारा आणि म्हणूनच क्वचित दृष्टीस पडणारा प्राणी म्हणजे खवले मांजर. शास्त्रीय परिभाषेत यास मॅनिस क्रॅसिकॉडाटा असे म्हणतात. सस्तनांतील वैचित्र्याचे उदाहरण द्यावयाचे झाल्यास आपण ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपसकडे धाव घेतो. वस्तुतः तितकाच उद्बोधक प्राणी आपल्या दाराशी आहे.

त्याच्या अंगावरील खवले सरड्याच्या वा माशाच्या खवल्यांशी समजातीय नाहीत. आपली नखे ज्या केराटिन नामक प्रथिनाची बनलेली असतात, त्याच प्रथिनाचे ते बनलेले आहेत. खवल्यांचे आवरण असलेले सस्तन प्राणी या एकाच कुलात आढळतात. मुखात एकही दात नसतो. पुढील पायांच्या बळकट नखांनी वारूळ फोडावयाचे आणि लांब, चिकट जिभेने मुंग्या व वाळवी टिपावयाची, हा त्याचा आहारक्रम. या जिभेचे स्नायू थेट उरोस्थीच्या मागील टोकापर्यंत गेलेले असतात. चर्वणाचे कार्य जठराकडे आले आहे. त्याचा आतील थर शृंगी असून भक्ष्याबरोबर गिळलेली वाळू व बारीक खडे तेथे जात्याचे काम करतात.

अशा प्राण्यास कोणत्या गणात घालावे, या प्रश्नाने वर्गीकरणकारांस दीर्घकाळ चकविले. लिनीअसने १७५८ मध्ये त्यास हत्ती व स्लॉथ यांच्या पंक्तीस बसविले. पुढे क्यूव्ह्येने दंताभाव हे लक्षण प्रमाण मानून दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊ प्राण्यांसह त्याची ‘ईडेंटॅटा’ गणात योजना केली. ही योजना वरकरणी पटण्यासारखी होती. तोच आहार, तीच जीभ, तशीच नखे! तथापि तिचा पाया एका अभावावर उभा होता, आणि अभाव हा नात्याचा दुबळा पुरावा होय; एखादा अवयव भिन्न वंशांत स्वतंत्रपणे नाहीसा होऊ शकतो. २०१६ मध्ये दोन आशियाई खवले मांजरांच्या जनुकसंचांचे विवरण प्रसिद्ध झाले, तेव्हा दंतवल्क घडविणारी जनुके त्यांत निष्क्रिय अवस्थेत आढळली. म्हणजे याच्या पूर्वजांना दात होते. रेणवीय पुराव्यावरून आज त्याचा सर्वांत जवळचा संबंध मांसाहारी गणाशी, अर्थात मांजर, कुत्रा व अस्वल यांच्या गणाशी मानला जातो. मराठी नावातील ‘मांजर’ हा शब्द अशा रीतीने क्यूव्ह्येपेक्षा सत्याच्या अधिक जवळ गेला. अर्थात हे नाव ठेवणाऱ्याने शरीररचनेचा अभ्यास करून ते ठेवले असे मानण्याचे कारण नाही, हा योगायोगच.

प्लॅटिपसच्या बाबतीत मात्र स्थानिकांचे ज्ञान हा योगायोग नव्हता. १७९९ मध्ये शॉने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा हा नमुना बनावट असावा अशी शंका घेतली गेली. तो अंडी घालतो हे ऑस्ट्रेलियातील आदिवासी सांगत असत. परंतु विद्वानांनी ते मान्य करण्यास १८८४ मध्ये कॉल्डवेलचे निरीक्षण व्हावे लागले. प्रौढ प्लॅटिपसही दंतहीनच असतो. पिलाचे दात लवकरच गळून त्यांच्या जागी शृंगी पट्ट्या येतात. येथवर साम्य आहे. पण प्लॅटिपसच्या जठरातील पाचक ग्रंथीही लोपल्या असून पेप्सिनची जनुके नष्ट झाली आहेत, तर खवले मांजराने त्या ग्रंथी राखल्या आहेत. प्लॅटिपसला स्तनाग्रे नाहीत, खवले मांजराच्या मादीस वक्षभागी दोन असतात. मोनोट्रिमॅटांचा वंश इतर सस्तनांपासून सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. खवले मांजर त्यानंतर पुष्कळ काळाने आपल्या मार्गास लागले. दोन्ही प्राण्यांस ‘अर्धवट सस्तन’ म्हणण्याची जुनी सवय म्हणूनच सोडून द्यावयास हवी.

याच शरीररचनेत त्याच्या आजच्या संकटाचे मूळ आहे. भय वाटताच तो अंगाचे वेटोळे करतो. बिबट्यापुढे हा उपाय बहुधा चालतो. मनुष्य मात्र ते वेटोळे सहज उचलून पोत्यात घालतो. खवल्यांना औषधी गुण आहेत या समजुतीपायी त्यांची तस्करी चालते, आणि पश्चिम महाराष्ट्र व कोकणही तिच्यापासून मुक्त नाहीत. वस्तुतः रासायनिक दृष्ट्या खवला चघळणे आणि नख चघळणे यांत फारसा भेद नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश आहे, आणि २०१७ पासून सर्व आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणातील गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम चालविले आहे. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते व ते शेपटीच्या मुळाशी बसवून हिंडविते. मुंग्या-वाळवीवाचून अन्य आहारावर हा प्राणी बंदिवासात जगविणे अत्यंत कठीण जाते. भुवनेश्वरजवळील नंदनकानन येथे त्याच्या प्रजननाचे प्रयत्न झाले आहेत.