कितव्या भाकरीला हात जड झाला?

"बरं आहे का?" असं विचारलं की परभणीजवळच्या पिंगळीत उत्तर ठरलेलं असतं: "बरंय की." म्हणून इथल्या आरोग्य स्वयंसेविका आशाताई तसं विचारतच नाहीत. "सकाळी कितव्या भाकरीला हात जड झाला?" असं विचारतात.

"चौथ्या," समोरची तिशीतली सून म्हणते. ताई वहीत लिहून घेतात.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावर उलटते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. विशी ते चाळिशीत बहुधा सुरू होणारा, बायकांना जास्त होणारा हा आजार वरून दिसत नाही. "चांगली धडधाकट तर दिसते" हे तिनं घरात पुष्कळ ऐकलंय. ताईंनाही हा आजार कळला तो तिच्यासोबत मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊनच.

थोड्या वेळानं ती आपणहून बोलते, "ताई, चप्पल पायातून कधी निसटते तेच कळत नाही. मागून पोरगी वरडती तवा कळतं." दवाखान्यात हे निघालंच नव्हतं. तिथं मुंग्या येतात का विचारलं. मुंग्या येत नव्हत्या, ती नाही म्हणाली. पायाची जाणीव कमी झाल्याचं असं राहून गेलं.

सासरे ओसरीवर बसलेले. "बाबा, आधार कार्डाची झेरॉक्स आणता का तेवढी?" झेरॉक्स खरोखरच हवी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, प्रमाणपत्राचा अर्ज भरायचाय. पण ते फाटकाबाहेर पडल्यावरच ताई लघवीचं विचारतात. धरवत नाही, म्हणून ती लग्नकार्याला जाणं टाळते. घरच्यांना वाटतं, हिला माणसं नकोत. मला या कामातलं खरं कसब इथं दिसलं: कुणासमोर काय विचारायचं नाही, ते ओळखण्यात.

मग उन्हाळ्याचं. चुलीपुढे बसलं की तिची नजर धुरकट होते, अंग गार झालं की निवळते. श्रमानंतर नजर अशी तात्पुरती धुरकट होते हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९०मध्ये नोंदवलं होतं; उष्णतेनंही असं होतं हे नंतर कळलं. परभणीच्या मे महिन्यात ते रोजचंच. घाबरायचं कारण नाही. पण ताप नसताना नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला तर लगेच फोन करायचा. एवढं सांगून ताई थांबत नाहीत. "आता तुम्ही सासूबाईंना समजावून सांगा बरं." सून सांगू लागते. तासांपाशी अडखळते, तेव्हा ताई ते पुन्हा सांगतात. सासूबाई ऐकतात आणि विचारतात, "मग दुपारचा सैपाक मी करू का?"

शेवटी पुढच्या तपासणीसाठीचे प्रश्न. पान भरल्यावर ती हळूच म्हणते, "दुसरं लेकरू होऊ द्यावं का?" या आजाराची काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, फिंगोलिमॉडसारखी गोळी दिवस राहण्याच्या दोन महिने आधी बंद करावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच. ताई नवं पान उघडतात आणि हा प्रश्न एक नंबरला घालतात.